एकवीस ऑक्टोबरच्या आधी

हिराने टेबल धरलं ते टिशू पेपरच्या पुडक्याने. दुपारची गर्दी ओसरली होती, खाण्याच्या ठेल्यांनी भरलेल्या त्या हॉकर सेंटरमध्ये चार-पाच टेबलं रिकामीच होती. तरी हात सवयीने पर्समध्ये गेला. इथली रीतच तशी. आधी टेबलावर पुडकं ठेवायचं, मग खायला आणायला जायचं, आणि त्या पुडक्याचा मान सिंगापूरचं सगळं क्वीन्सटाउन राखतं. नागसेनला मात्र अकरा वर्षांत ही रीत पटली नव्हती.

"माणूस कुठे तरी फिरतोय आणि जागा पुडक्याच्या नावावर," तो म्हणायचा. "उद्या पुडकी मतदानालाही जातील."

म्हणून तो ट्रे घेऊन येताना दिसला, की ती पुडकं उचलून मांडीवर घ्यायची. जणू टेबल आपसूकच मिळालं. आजही तिने तेच केलं. त्याने दोन कोपी, म्हणजे इथली गोड दुधाची कॉफी, ठेवल्या, फोन सॉसच्या बाटलीला टेकवून उभा केला आणि घड्याळाकडे पाहिलं. चार वाजायला दोन मिनिटं होती. म्हणजे शेफील्डला सकाळचे नऊ. त्याची धाकटी बहीण राणी रात्रपाळी संपवून वॉर्डातून घरी पोचली असेल.

पूर्वी हा फोन शनिवारचा असे. ऑगस्टच्या अखेरीस कंपनीचं पत्र आलं आणि नागसेन उरलेली रजा संपवत घरी बसला, तेव्हापासून तो रोजचा झाला. फोन रोजचा झाला, तसं भांडणही रोजचं झालं.

भांडण एकच होतं, आणि ते ब्रिटनचं होतं. ज्या देशातून नागसेन अकरा वर्षांपूर्वी निघून आला, त्या देशाचं राजकारण त्याने सिंगापूरमध्ये इमानेइतबारे चालू ठेवलं होतं. सकाळी तिकडच्या बातम्या, दुपारी तिकडची भाषणं, आणि संधी मिळाली की राणी. तो हुजूर पक्षाकडचा, ती मजूर पक्षाकडची. आताशा ती स्वतःच्या पक्षावरही वैतागलेली असे, पण दादासमोर कबूल करत नसे. तो म्हणे, नियम हवेत, कडक हवेत. ती म्हणे, आधी वॉर्डात दोन नर्स जास्त द्या आणि मग नियम सांगा. तो म्हणे, सरकारी दवाखाने बुडाले ते नुसत्या उपचारापुरत्या बाहेरून येणाऱ्यांमुळे. त्यावर तिचं ठरलेलं उत्तर होतं.

"दादा, रात्रभर मी ज्यांचं करते ना, त्यातला एकही विमानातून उतरून आलेला नाही. सगळे तिथलेच म्हातारे. त्या वॉर्डात विमानातून उतरून आलेली मी एकटी."

हिरा दोघांच्या मधे बसून कोपी प्यायची. तिला यातलं काही नवं नव्हतं, आणि हे भांडण कुठून येतं तेही तिला माहीत होतं. भुसावळला नागसेनचे वडील, आबा, रेल्वेत पॉइंट्समन होते. त्यांच्या लहानपणी रेशनच्या दुकानावर वस्तीतल्या लोकांना सगळ्यांच्या शेवटी धान्य मिळायचं, कितीही लवकर येऊन उभे राहिले तरी. विशीत आल्यावर आबांनी एके दिवशी जागा सोडली नाही. मार खाल्ला, पण सोडली नाही. पुढे घरात त्यांनी दोनच गोष्टी शिकवल्या. मताच्या दिवशी धुतलेले कपडे घालून जायचं. आणि रांगेत कुणाच्या पुढे घुसायचं नाही, कुणाला आपल्या पुढे घुसू द्यायचं नाही. त्या रांगेतून नागसेनने नियम उचलला आणि राणीने धान्य. दोघंही आबांचंच सांगत होते, आणि दोघांनाही ते दिसत नव्हतं.

गेल्या वर्षीच्या निवडणुकीत नागसेनचं मत राणीनेच टाकलं होतं. परदेशी राहणाऱ्या ब्रिटिश नागरिकाला आपल्या वतीने मत टाकायला तिथलं कुणी तरी नेमता येतं. टपालाने मतपत्रिका सिंगापूरला येऊन वेळेत परत पोचेल, याचा भरवसा नव्हता. मी सांगतो तिथेच फुली मारायची, असं त्याने दहा वेळा बजावलं. राणी पांढरा ड्रेस घालून गेली, स्वतःची फुली एकीकडे आणि दादाची दुसरीकडे मारून आली. "माझं मत मीच खोडून आले बघ," असं फोनवर सांगून ती किती तरी वेळ हसत होती. नागसेन हसला नव्हता. फोन ठेवल्यावर हिराला म्हणाला होता, "तिने बरोबर मारली असणार. आबांची पोरगी आहे."

राणीचा चेहरा पडद्यावर आला. डोळे सुजलेले, केस ओले.

"बोला. आज कुठला मंत्री?"

"आज मंत्री नाही," नागसेन म्हणाला. "आम्ही येतोय."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? शेफील्डला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. इथलं तर तीस तारखेला संपलंच. मी नागरिक आहे, हिराचा शिक्का आहे. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नाव नोंदवायचं. गाठ तिथेच काढू."

गाठ हा शब्द ऐकला की हिराचा हात गळ्याकडे जायचा. तिने तो कपाकडे नेला.

जुलैत वर्षाच्या तपासणीला गेली असताना डॉक्टरने तिला पाणी गिळायला सांगितलं, आणि गळ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. थायरॉइडमध्ये चिंचोक्याएवढी गाठ निघाली. सुई घालून तपासली. अहवालात शंका होती. सर्जन तरुण चिनी बाई होती, शांत बोलणारी. म्हणाली, घाई नाही, पण ठेवायचीही नाही. काढल्यावरच नक्की काय ते कळेल. एकवीस ऑक्टोबर ही तारीख दिली. तारखेचा कागद हिराने फ्रिजवर लावला. तीन आठवड्यांनी नागसेनच्या कंपनीचं पत्र आलं: प्रकल्प बंद, शेवटचा दिवस तीस सप्टेंबर. नोकरीवर मिळालेला राहण्याचा पास रद्द झाला तरी पुढे महिनाभर सिंगापुरात राहता येणार होतं. पण विमा कंपनीचा होता, आणि तो तीस सप्टेंबरलाच संपत होता. ते पत्रही तिने फ्रिजवर लावलं, तारखेच्या शेजारी. दूध काढायला दार उघडलं की दोन्ही कागद एकदम हलायचे.

"वहिनीचा कुठला शिक्का?" राणीने विचारलं.

"कायम राहण्याचा. जुन्या पासपोर्टवर आहे ना. जपून ठेवलाय तिने."

राणीने कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"दादा, तो शिक्का दोन वर्षं बाहेर राहिलं की जातो."

"कायमचा म्हणजे कायमचा."

"नाही ना रे. तुम्ही दोन हजार चौदाला गेलात. सोळालाच गेला तो."

"कुणी सांगितलं तुला?"

"आमच्या वॉर्डातल्या केरळच्या मुलीचं झालं तसं. आणि तूच तर म्हणायचास की असंच पाहिजे. सोडून गेलेल्यांनी उपचारापुरतं परत यायचं नाही. मागच्याच शनिवारी म्हणालास. वहिनी, म्हणाला की नाही दादा हे?"

हिराने मान हलवली. म्हणाला होता. याच टेबलावर, पराठा खाताना.

"ते वेगळे लोक," नागसेन म्हणाला.

"कोण वेगळे?"

"जे काही न भरता येतात. आम्ही नऊ वर्षं कर भरलाय तिथे. हिराने नोकरी केलीय. मतदान केलंय तिने, दोन हजार दहाला, भारतीय पासपोर्टवर, कॉमनवेल्थची म्हणून."

"तेच त्या फॉर्मात लिहावं लागेल," राणीचा आवाज खाली आला. "परत येणाऱ्या रहिवाशांसाठी एक अर्ज असतो. का गेलात, का येताय, इथे तुमचं काय आहे. पण किती दिवस लागतील मी नाही सांगू शकत. आणि आलात तरी तारीख कधी मिळेल तेही नाही. मी आतली आहे म्हणून पुढे घालायचं, ते माझ्याच्याने होणार नाही, आधीच सांगते."

"मी तसं म्हणेन तरी का?" नागसेन जवळजवळ ओरडला. शेजारच्या टेबलावरचे आजोबा वर्तमानपत्रातून वर बघायला लागले.

"नाही म्हणणार. माहितेय."

एवढ्या एका बाबतीत दोघांचं एकमत झालं. हिराने कपाच्या तळाशी राहिलेलं गोड दूध चमच्याने ढवळलं. तिला कुणी काही विचारलं असतं, तर एकच वाक्य तिच्यापाशी तयार होतं: ही गाठ इथेच काढा, मग मला कुठेही न्या. पण विचारलं कुणी नाही, आणि ते वाक्य तिने गिळलं. गिळताना गाठ जागेवरून वर सरकून खाली आली. आता तिला प्रत्येक घोट कळायचा.

घरी आल्यावर तिने कपाटातला जुना पासपोर्ट काढला. कोपरे कापलेला, रद्द झालेला, नव्या पासपोर्टला रबराने बांधून ठेवलेला. लग्नानंतर तिकडे गेलेल्या त्यांच्या ओळखीच्या सगळ्या घरांत एक अलिखित नियम होता: एक पासपोर्ट तिकडचा, एक आपला. दोघांपैकी एकाने तिकडचा घ्यायचा, म्हणजे जग फिरायला सोपं. दुसऱ्याने आपला ठेवायचा, म्हणजे गावाकडचं दार उघडं. त्यांनीही तसंच केलं होतं. तेव्हा ते मोठं शहाणपणाचं वाटलं होतं. दोघांना दोन दरवाजे. त्या दोन दरवाज्यांतून दोघांना एकत्र जावं लागेल, असा दिवस कुणाच्या डोक्यात आला नव्हता.

शिक्का तसाच होता, चकचकीत, तिच्या चाळीस वर्षांच्या आतल्या फोटोसकट. तो इतकी वर्षं मेलेला होता आणि ती त्याला जपत होती.

नागसेनने लॅपटॉप उघडून अर्ज शोधला होता. "बस. मी सांगतो, तू भर. परत येण्याचं कारण: कुटुंबासोबत कायम स्थायिक होण्यासाठी."

"आणि गाठ?"

"गाठीचं कशाला लिहायचं?"

"तेच तर कारण आहे."

"हिरा, अर्जात सगळं लिहीत नाहीत. खोटं कुठे आहे हे? स्थायिकच होणार आहोत ना आपण?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. माणूस खोटं बोलणारा नव्हता. पंचवीस वर्षांत रिकाम्या बसमध्येही तो तिकीट आधी काढून मग बसलेला तिने पाहिला होता. आता त्याचं बोट त्या चौकटीवर टेकलेलं होतं आणि ते त्याला तिथून उचलवत नव्हतं. घाबरलाय, तिला वाटलं. माझ्यापेक्षा जास्त. आणि घाबरलेला माणूस ब्रिटनबद्दल बोलतो, कारण ते त्याला येतं.

"उद्या भरू," ती म्हणाली आणि कुकर लावायला उठली.

त्या रात्रीच्या जेवणाआधी पुण्याहून मीनलचा, त्यांच्या मुलीचा, फोन आला. "मम्मी, तू सरळ इकडे ये. मी बघते सगळं." मीनल तीन मैत्रिणींबरोबर एका खोलीत राहत होती आणि नोकरीला लागून तिला आठ महिने झाले होते. हिरा म्हणाली, "बघू हं." तिच्याकडे आता सगळ्यांसाठी हेच दोन शब्द उरले होते.

शेफील्डला हिरा सहा वर्षं एका डॉक्टरच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती. सकाळी आठला फोन सुरू व्हायचे आणि साडेआठला त्या दिवसाच्या वेळा संपलेल्या असायच्या. मग दिवसभर ती माणसांना पुढच्या तारखा द्यायची. तिच्या खणात निळ्या पुठ्ठ्याची एक वही असे. कुणी आयत्या वेळी येत नाही म्हणून कळवलं, तर ती वेळ कुणाला द्यायची, त्यांची नावं त्या वहीत. वहीत नाव यायला वशिला लागत नव्हता, पैसे लागत नव्हते. फक्त विचारायला लागायचं. याच्या आधी काही मिळेल का? एवढंच.

आणि जे विचारायचे ते हिराला आवडायचे नाहीत. नाव ती लिहायची, नीट लिहायची. पण मनात म्हणायची, यांनाच घाई. तिला आवडायच्या त्या मिसेस पार्किन. राखाडी कोट, हातात कापडी पिशवी. "जी असेल ती दे, पोरी," त्या म्हणायच्या, दिलेली तारीख मागे कधी सरकवायच्या नाहीत, पुढे कधी मागायच्या नाहीत. एका हिवाळ्यात त्यांनी खोकल्यासाठी सहा आठवड्यांनंतरची तारीख घेतली. त्या दिवशी त्या आल्या नाहीत. त्या वारल्याचं त्यांच्या सुनेने सकाळी फोन करून कळवलं. हिराने नाव खोडलं आणि ती वेळ वहीतल्या पहिल्या माणसाला दिली. तो माणूस वीस मिनिटांत आला, आनंदाने. तिला आठवत होतं, तिने त्याला हसून आत सोडलं होतं.

हे तिने नागसेनला कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

गुरुवारी सकाळी भाजी आणायला म्हणून ती बाहेर पडली आणि बसमध्ये बसून चार थांबे पुढे रुग्णालयात गेली. शस्त्रक्रियांच्या तारखा बघणाऱ्या बाईंचं टेबल दुसऱ्या मजल्यावर होतं. पन्नाशीच्या मलय बाई, डोक्याला फिकट जांभळा रुमाल, समोर बिस्किटांचा डबा. हिराचा नंबर लागेपर्यंत तिने इंग्रजीत तीन वाक्यं जुळवली आणि समोर बसल्यावर तिन्ही विसरली.

"याच्या आधी काही मिळेल का?" ती शेवटी म्हणाली.

बाईंनी स्क्रीनवर बघितलं. "वाय अर्लियर? डॉक्टर से ऑक्टोबर ओके, वॉट."

हिराने सांगितलं. नवऱ्याची नोकरी, पास, विमा, तीस तारीख. सांगताना तिला आपला आवाज त्या लोकांसारखा वाटला, निळ्या वहीतल्या.

"आय्यो," बाई म्हणाल्या. "दिस वन, फर्स्ट डे मस्ट टेल मी. यू नेव्हर आस्क, हाऊ आय नो?"

"मला वाटलं विचारायचं नसतं."

"आस्क ओन्ली, लाह." त्यांनी चार-पाच बटणं दाबली. आता तुमचं नाव रद्द होणाऱ्या तारखांच्या यादीत आहे, त्या म्हणाल्या. कुणी रद्द केली तर फोन येईल. एक-दोन दिवस आधीच कळेल, त्यामुळे पिशवी भरून ठेवायची. आणि फोन उचलायचा. "यू डोन्ट पिक अप, आय कॉल नेक्स्ट वन, हां. नॉट आय हार्ड-हार्टेड. लिस्ट इज लाइक दॅट."

"माहीत आहे," हिरा म्हणाली.

पिशवी तिने भरली: दोन गाऊन, चप्पल, टूथब्रश, अहवालांची फाइल. कपाटात चादरींच्या मागे ठेवली. नागसेनला सांगितलं नाही. सांगणार होती, रोज सांगणार होती. पण तो म्हणाला असता, म्हणजे कुणाच्या तरी पुढे घुसायचं? आणि त्याला पटवून द्यायला लागणारी ताकद तिला गळ्यासाठी राखून ठेवायची होती.

मग दिवस सुरू झाले ते फोनचे. तिने तो आंघोळीला नेला, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. कचरा टाकायला नेला. जिन्यात आवाज जात नाही म्हणून लिफ्टच्या दाराशी रेंज बघत उभी राहिली. दोनदा वाजला. एकदा कुरिअरवाला होता, एकदा कुणी तरी तिला क्रेडिट कार्ड देऊ पाहत होतं, आणि तिने त्या मुलाचं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, कारण मधेच ठेवावा असं हाताला सुचलंच नाही. पंधरा सप्टेंबर गेला. अठरा गेला. फ्रिजवरचे दोन कागद तसेच होते. नागसेनने अर्ज निम्मा भरला होता. कारणाची चौकट रिकामी होती. ती तिची वाट बघत होती.

रोज चारला मात्र ब्रिटन हजर व्हायचं. आता तिकडे कायम राहण्याची परवानगी मिळायला आणखी वर्षं लावणार, अशा बातम्या होत्या. राणी संतापली होती. तिच्याबरोबरच्या निम्म्या नर्स त्या रांगेत होत्या.

"अर्ध्या वाटेत नियम बदलायचे नसतात, दादा. रांगेत उभं केल्यावर रांग लांब करायची नसते."

"नियम करायचा हक्क देशाला आहे."

"आणि वहिनीला?"

"तिचं मधे आणू नकोस."

"मी आणत नाही. ती मधेच आहे. रोज मधेच बसलेली असते."

चोवीस तारखेला, बुधवारी, ते दोघं याच मुद्द्यावर होते. नागसेनचा चेहरा लाल झाला होता. निवडणूक पुन्हा झाली तर आपण कुणाला मत देऊ हे तो सांगत होता आणि राणी म्हणत होती, "मग त्या दिवशी दुसरा कुणी तरी बघ फुली मारायला." ही धमकी तिने याआधी कधी दिली नव्हती. नागसेनला ती लागली होती.

तेवढ्यात हिराच्या मांडीवरचा फोन थरथरला. टिशूच्या पुडक्याखाली होता. तिने घाईने काढला तर पुडकं खाली पडलं.

"मॅडम हिरा? फ्रायडे मॉर्निंग सेव्हन ओ'क्लॉक. कॅन?"

तिने फोन कानाशी घट्ट दाबला. पलीकडे टिकटिक ऐकू येत होती, कळफलकाची. यादीत पुढचं नाव असेल.

"कॅन," ती म्हणाली. "कॅन, कॅन."

उद्या रक्त द्यायला यायचं, गुरुवारी रात्री बारानंतर पाणीसुद्धा नाही, नखांना रंग नको, सोबत एक माणूस. ती प्रत्येकाला हो म्हणत गेली. फोन ठेवला तेव्हा नागसेन तिच्याकडे बघत होता. पडद्यावरून राणीही.

"शुक्रवारी करतायत," हिरा म्हणाली. "ऑपरेशन. सकाळी सातला."

"कसं काय?"

"कुणी तरी रद्द केलं. मी यादीत नाव दिलं होतं. आधीची मिळेल का म्हणून."

"तू मागितलीस?"

"हो. मागितली."

नागसेनने कप उचलला, रिकामा होता, परत ठेवला. "मला सांगितलं नाहीस."

"नाही."

"कुणाची जागा आहे ती?"

हा प्रश्न येणार हे तिला दोन आठवडे माहीत होतं. शुक्रवारी सकाळी सातला जो कुणी तिथे जाणार होता, तो आता जाणार नव्हता. घाबरला असेल. ताप आला असेल. पास संपून कुठे तरी निघून गेला असेल. किंवा त्याच्या सुनेने सकाळी फोन करून कळवलं असेल. कुठल्या तरी घरात भरलेली पिशवी कुणी तरी रिकामी करत असेल.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "कळणारही नाही."

"पण असं..." तो शब्द शोधत होता. "आपण असं कधी केलं नाही, हिरा. दिली ती तारीख घ्यायची. आबा असते तर..."

"आबा असते तर त्यांनी माझ्या गळ्याला हात लावून पाहिला असता."

तिचा आवाज चढला नव्हता, तरी नागसेन मागे सरकला.

"दोन महिने झाले," ती म्हणाली. "तुम्ही तिथले मंत्री पाहिलेत, अर्ज पाहिलेत, माझा शिक्का पाहिलात. ही एकदाही पाहिली नाहीत. कुठल्या बाजूला आहे, ते तरी माहीत आहे का तुम्हाला?"

समोरच्या ठेल्यावर कुणी तरी कढईत नूडल्स टाकल्या. मोठा चर्र आवाज झाला आणि धूर पंख्यांकडे गेला.

नागसेन उठला. क्षणभर हिराला वाटलं, तो ट्रे ठेवायला जातोय. भांडण झालं की तो ट्रे ठेवायला जायचा. पण तो टेबलाला वळसा घालून तिच्या बाजूला आला आणि बाकावर शेजारी बसला. वर्तमानपत्रवाले आजोबा पाहत होते. चारचौघांत तिच्या खांद्यालाही हात न लावणारा माणूस. त्याने उजवा हात उचलला, पँटला पुसला आणि दोन बोटं तिच्या गळ्यावर ठेवली, चुकीच्या बाजूला.

"इकडे," ती म्हणाली आणि बोटं धरून डावीकडे नेली.

"कुठे? लागत नाहीये."

"थांबा." तिने घोट गिळला.

त्याच्या बोटांखालून ती वर सरकली आणि परत खाली आली. छोटी, टणक, आपल्याच तंद्रीत. नागसेनचे डोळे मोठे झाले. त्याने हात काढला नाही.

"दुखतं?"

"नाही."

"परत गिळ."

तिने परत गिळलं. तोंड कोरडं पडलं होतं, घोट नीट उतरेना. ही शंका खरी निघाली, तर तीस तारखेनंतर काय, याचं उत्तर अजून कुणाकडेच नव्हतं, शेफील्डला नाही, पुण्यात नाही, इथे नाही. पण शुक्रवार होता. शुक्रवारी सात.

"दादा?" सॉसच्या बाटलीला टेकलेल्या फोनमधून राणीचा आवाज आला. "दादा, तिला आज नीट जेवायला घाल. आणि अंगठ्या वगैरे घरीच काढून ठेवायला सांग. ऐकतोयस ना? दादा?"

नागसेन ऐकत नव्हता. दोन बोटं तशीच ठेवून तो पुढच्या घोटाची वाट बघत होता.